शिवावं की विकत घ्यावं: इंदूरहून ह्यूस्टनच्या जत्रेला गेलेला पोशाख

माझी धाकटी ह्यूस्टनला असते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिचा फोन आला. "आई, ऐक ना. ऑक्टोबरात ऑफिसातले आम्ही सगळे रेनेसाँ फेअरला जाणार आहोत. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधले कपडे घालून. ऑनलाइन मिळतायत. मागवू, की तू शिवशील?"

मी म्हटलं, आधी फोटो पाठव.

फोटोत पातळ पॉलिएस्टरचा एक झगा होता. पुढे दोरी ओवल्यासारखी दिसत होती, पण ती नुसती वरून शिवून टाकलेली. पाठीला चक्क चेन. इथे शाळेच्या गॅदरिंगला शिवाजी-जिजाबाईचे भाड्याचे ड्रेस येतात ना, गोटा चमचम आणि आत सेफ्टी पिनांचं जंगल, त्याचाच हा परदेशी चुलतभाऊ. पंचवीस वर्षं मी गॅदरिंगच्या आदल्या रात्री असले ड्रेस पोरांच्या अंगावर टाचत आले आहे. म्हटलं, घेऊ नकोस, मी बघते.

आता दोन जत्रा, तीन पोशाख आणि एक फसलेली चोळी एवढा अनुभव गाठीशी आहे. आपल्या कितीतरी जणांची मुलं तिकडे आहेत. कुणाच्या आईला असाच फोन आला तर उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

ही जत्रा म्हणजे काय ते आधी समजून घ्या, म्हणजे किती जीव काढायचा ते ठरवता येतं. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने पहिली जत्रा भरवली. पुढे ती अमेरिकाभर पसरली. टेक्सासमधली १९७४ पासून भरते. ती ह्यूस्टनच्या वायव्येला, शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारी असते. सोळाव्या शतकातलं, म्हणजे साधारण पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं गाव उभं केलेलं, घोड्यांवरच्या भाल्यांच्या झुंजी, लोहार, गाणारे, टर्कीच्या तंगड्या. पोशाख सक्तीचा नाही. जीन्स घालून आलेले असतात आणि पंख लावून परी झालेलेही असतात. म्हणजे कुणी भिंगातून टाके तपासायला बसलेलं नाही. आपल्याकडे इंदुरात अहिल्याबाईंच्या उत्सवाच्या पालखीत जसं कुणी घरची जुनी नऊवारी नेसून येतं आणि कुणी आदल्या दिवशी घेतलेली शिवलेली, तसंच. पण दिवसभर उन्हात आणि धुळीत चालायचं असतं, बाकावर बसून खायचं असतं, तसंच बाथरूमला जायचं असतं. म्हणून मी पोशाखाला इतिहासाचे मार्क कमी ठेवले आणि आठ तास अंगावर राहतो का याला जास्त.

प्रत्येक तुकडा हातात घेतला की मी दोनच गोष्टी बघते. तो अंगाच्या मापाला घट्ट बसायचा आहे का? आणि तो नुसत्या कापडाचा आहे, की चामडं, धातू, नमदा (दाबून केलेली जाड लोकर) असा दुसऱ्याच्या धंद्यातला माल त्यात आहे? घट्ट बसायचा आणि कापडाचा, तो शिवायचा. दुसऱ्या धंद्यातला, तो विकत. ढगळ आणि कापडाचा असेल तर हात मोकळे असतील तसं. त्यामुळे "शिवू की घेऊ" हा एकच प्रश्न पूर्ण पोशाखाला विचारू नका, तुकड्या-तुकड्याला विचारा. माझ्या मुलीच्या अंगावर शेवटी पाच वस्तू शिवलेल्या होत्या आणि चार विकतच्या.

सुरुवात आतून करायची. सगळ्यात आतला लांब ढगळ झगा म्हणजे स्मॉक. पुरुषांचा शर्ट त्याच कुळातला, फक्त आखूड. त्या काळी वरचे लोकरी-रेशमी कपडे धुवायची पद्धत नव्हती. घाम या आतल्या झग्याने झेलायचा आणि धुवायचा तो हाच. म्हणून तो लिननचा. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातलं सूत. आपल्या माळव्यात जवस शेतोशेती दिसतो, पण तो तेला-चटणीचा. सुताचा वाण उंच वाढणारा, वेगळा असतो. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि जन्मभर जवसाची चटणी खाल्ली!

स्मॉकचं कटिंग बघितलं आणि मी हसलेच. सगळे चौकोन आणि त्रिकोण. मधे सरळ पट्टा, दोन्ही अंगांना कळ्या, बाह्या म्हणजे नुसते आयत, काखेत चौबगला, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून लावलेला छोटा चौकोन. अहो, हा तर आपल्या अंगरख्याचा हिशोब! कारणही तेच असणार. हाताने कातून-विणून केलेलं कापड महाग, त्यातली चिंधीसुद्धा फुकट घालवायची नाही. ज्याला चौबगला लावता येतो त्याने हा झगा विकत घेऊ नये, एवढंच मी म्हणेन.

माझ्या मुलीची उंची १६० सेंटिमीटर, छाती ९२. तिच्यासाठी मी घेतलेली मापं देते, त्यावरून तुमची काढा. १४० सेंटिमीटर पन्ह्याचं लिनन, ३ मीटर. खरं तर अडीच मीटरमध्ये बसतं, पण लिनन आटतं, म्हणून कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावा. अंगाचा पट्टा ७० सेंटिमीटर रुंद आणि २३० लांब. तो खांद्यावर दुमडायचा, म्हणजे खांद्याला शिलाईच नाही. बाह्या ५० रुंद, ५५ लांब. चौबगले १४ बाय १४. कळ्यांसाठी ३० बाय ७० चे दोन आयत घेऊन कर्णावर कापा, चार कळ्या निघतात. आधी चौबगला बाहीला जोडायचा, मग बाही अंगाला, मग कळ्या, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून खालपर्यंत एकच लांब शिलाई. गळा सगळ्यात शेवटी, आणि आधी लहानच कापायचा. वरची चोळी आली की त्याबरहुकूम वाढवता येतो. लहान करता येत नाही.

शिलाईची एक कड कमी करून दुसरी तिच्यावर दुमडा आणि टीप मारा. दर वेळी धुवायचा कपडा आहे, आत धागे सुटलेले चालणार नाहीत. शिलाई मशीन १९व्या शतकातलं, मग ते वापरलं तर खोटं होतं का, असं मुलीच्या एका मैत्रिणीने विचारलं होतं. माझं उत्तर असं की आतल्या लांब शिलाया मशीनवर मारा, आणि जी बाहेरून दिसते ती, म्हणजे गळ्याची, मनगटाची, खालच्या घेराची, तेवढी हाताने करा. तीन फुटांवरून बघणाऱ्याला पूर्ण झगा हाती शिवलेला वाटतो.

लिनन मी आपल्या कपडा मार्केटमधून आणलं. शर्टाचं लिनन मागा, साधं, पांढरं किंवा न धुवटलेलं मळकट. "भाभीजी, तीन मीटर में कौनसा शर्ट बनेगा?" असं दुकानदाराने विचारलंच. मीटरला ६२० पडले. भेसळीची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून घरी जाळून बघा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर लिनन किंवा सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर मिसळलंय. ऑक्टोबरातही टेक्सासला ऊन भाजतं. अंगाला लागणारा तुकडा पॉलिएस्टरचा असेल तर पोरगी तासाभरात घरी जाऊ म्हणेल.

शिवणं जमतच नसेल तर विकतचा सुती झगा चालेल. एवढंच बघा, की गळ्यात इलॅस्टिक नको. दुकानात सर्रास जो मिळतो तो खांद्यावरून ओघळणारा, इलॅस्टिकचा. त्या काळच्या चित्रांत स्मॉक असा खांदा सोडत नाही, आणि इलॅस्टिक तर १९व्या शतकाची देणगी. शिवाय चोळी घट्ट बांधली की ते इलॅस्टिक वर वर चढतं.

आता चोळी. बॉडिस म्हणा. माझी फजिती इथेच झाली, आणि पैसेही लोकांचे इथेच बुडतात.

लोकमान्य नगरात पस्तीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. अंगावर नजर टाकली की टक्स कुठे येणार ते कळतं. त्याच जोरावर मापं फोनवर घेतली, कापडाला कात्री लावली, चार टक्स घालून सुरेख चोळी शिवली आणि पाठवून दिली. मुलीने घालून व्हिडिओ कॉल केला. बसली होती झकास, पण दिसत होतं काय? साडीचा ब्लाउज, आणि त्याला पुढून दोरी. खाली घेरदार परकर. "आई, मी नवरात्रातली गुजरातीण दिसतेय," ती म्हणाली. मी चार दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

मग जुनी चित्रं नीट बघत बसले. त्या काळच्या चोळीत टक्स नाहीतच. आपला ब्लाउज छातीचा आकार दाखवतो. ती चोळी छाती सपाट करून वर उचलते, पुढून अंग उलट्या शंकूसारखं दिसतं. वर रुंद, कमरेला निमुळतं. हा आकार टक्सने येत नाही. तो येतो बाजूच्या शिलाईच्या उतारातून, आतल्या ताठ अस्तरातून आणि आवळण्यातून. एलिझाबेथ राणी १६०३ मध्ये वारली, तेव्हा अंत्ययात्रेसाठी केलेल्या तिच्या पुतळ्याच्या अंगात अशी ताठ आतली चोळी होती आणि ती आजही लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत जपलेली आहे. तिला ताठपणा देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांचा. गरिबाघरी वाळक्या गवताच्या, बोरूच्या काड्यांवर भागवत.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. आधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवून पाठवली. मांजरपाट स्वस्त, त्यावर पेनने खुणा करता येतात आणि चुकलं तर फाडता येतं. लांबून शिवणाऱ्याने ही पायरी कधीच गाळू नये. मापं पाच लागतात. ब्रा न घालता स्मॉकवरून छाती, कमर, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठ, काखेपासून कमरेपर्यंत बाजू आणि पुढून गळ्याच्या ठरवलेल्या ओळीपासून कमरेपर्यंत. यातलं चौथं सगळ्यात महत्त्वाचं. बाजू दोन सेंटिमीटरने जरी लांब झाली, तरी बसल्यावर चोळी काखेत रुतते आणि खाली कमरेची हाडं सोलते. मुलीला कच्ची चोळी घालून खुर्चीत बसायला लावलं, हात वर करायला लावले, बुटाची नाडी बांधायला लावली. जिथे टोचलं तिथे जावयाने पेनने रेघ मारली. ती चोळी एक जण इंदूरला येत होते त्यांच्याबरोबर परत आली आणि मी त्यावरून कापड कापलं.

कापताना छातीच्या मापातून ४-५ सेंटिमीटर कमी करा. पुढे दोन कडांमध्ये तेवढी फट राहायला हवी. कडा एकमेकींना टेकल्या की आवळायला जागाच उरत नाही, आणि दुपारपर्यंत कापड सैल पडतंच.

थर तीन. बाहेर दिसायचं कापड, मधे जाड कॅनव्हास, आत सुती अस्तर. पुरुषांचा कोट शिवणाऱ्या टेलरकडे असतो तो कॅनव्हास घ्या. ब्लाउजच्या गळ्याला लावतो तो बकरम घेऊ नका, तो घामाने लिबलिबीत होतो. कॅनव्हास आणि अस्तर यांच्यामध्ये उभ्या टिपा मारून एकेक सेंटिमीटरच्या नळ्या पाडायच्या आणि त्यांत ताठ पट्ट्या सरकवायच्या. देवमासा कुठून आणणार? सगळे जण वापरतात त्या वायर बांधायच्या प्लास्टिकच्या जाड केबल टाय. इथल्या सियागंज बाजारातून मी ८ मिलिमीटर रुंदीच्या आणल्या. डोकं कापून टाकायचं, दोन्ही टोकं गोल करायची आणि मेणबत्तीवर किंचित धरून गुळगुळीत करायची. हे केलं नाही तर टोक अस्तर फाडून बाहेर येतं, आणि नेमकं जेवताना येतं. पट्टी नळीपेक्षा एक सेंटिमीटर आखूड ठेवा. मी पुढच्या काठांना दोन-दोन, पोटावर दोन्हीकडे तीन-तीन आणि पाठीत दोन घातल्या. तेवढ्या पुरतात. विकतच्या स्वस्त चोळ्यांत त्या चारच असतात आणि त्याही पातळ, म्हणून त्या कमरेत गोळा होतात.

मग भोकं. पितळी आयलेट ठोकून घ्यायचा मोह होतो, दहा मिनिटांचं काम. पण धातूची आयलेट १९व्या शतकातली, आणि चोळीवर ती चटकन डोळ्यांत खुपतात, बुटासारखी. हाताने करा. कापड कात्रीने कापायचं नाही, टोच्याने धागे बाजूला सारत भोक मोठं करायचं आणि काजाच्या दोऱ्याने भोवती उभे टाके घालत जायचं. धागे तुटलेले नसतात म्हणून हे भोक ठोकलेल्यापेक्षा जास्त टिकतं. माझी एका बाजूला १५, दोन्ही मिळून ३०. रोज पाच अशी सहा संध्याकाळी केली, समोर टीव्ही लावून.

दोरी आपण बुटाला ओवतो तशी फुल्या-फुल्यांची ओवू नका. तेव्हा एकच दोरी खालून वर गोल जिन्यासारखी चढत जायची. त्यासाठी भोकं समोरासमोर नकोत. सगळ्यात खालची जोडी आणि सगळ्यात वरची जोडी तेवढी समोरासमोर ठेवा, मधली भोकं एका बाजूला अर्ध्या अंतराने सरकवा. सारखी पाडली तर एक कड वर चढते, एक खाली राहते आणि पोशाख वाकडा दिसतो. फायदा असा की एकच टोक ओढून बाई स्वतःची चोळी स्वतः आवळू शकते, कुणाला हाक मारावी लागत नाही.

बाहेरच्या कापडासाठी माझा जीव महेश्वरीवर होता. महेश्वर इथून दोन-अडीच तासांवर, आणि अहिल्याबाईंच्या गावचं कापड पोरीच्या अंगावर इंग्लंडचं म्हणून मिरवलं असतं तर मला मौजच वाटली असती. पण महेश्वरी पातळ, टिपांवर उसवतं आणि त्याचा काठ लांबूनच "मी महेश्वरचा" म्हणून ओरडतो. शेवटी कोटाचं पातळ लोकरी कापड घेतलं, विटकरी रंगाचं. रंग निवडताना एक सोपी खूण लक्षात ठेवा. कारखान्यातला रासायनिक रंग १८५६ नंतरचा. त्याआधी मंजिष्ठाचा तांबडा-विटकरी, निळीचा निळा, झाडपाल्याचा पिवळा आणि त्यांची मिसळ. राणी कलरचा गुलाबी, पोपटी, चमकता जांभळा टाळा. जांभळं रेशीम तर इंग्लंडमध्ये कायद्याने राजघराण्यापुरतं आणि काही बड्या सरदारांपुरतं राखून ठेवलं होतं. १५७४ चा फतवाच आहे तसा, कुणी काय नेसायचं याचा. आपल्याकडच्या संस्थानिकांनाही हे सुचलं असतं तर लग्नांचा खर्च वाचला असता.

चोळी विकत घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. दोरी खरी ओवलेली आहे की वरून शिवलेली? आत ताठ पट्ट्या किती आणि कशाच्या? आणि काखेपासून कमरेपर्यंत बाजू किती सेंटिमीटर? तिसऱ्याचं उत्तर येत नसेल तर घेऊ नका. मुलीच्या मैत्रिणीने एकीकडून एल साइजची मागवली. छाती-कमर बरोबर, पण बाजू लांब. बाई दिवसभर उभ्याच होत्या. जिथे उंची-लांबीप्रमाणे करून देतात तिथली घ्या, महाग पडली तरी.

घेर, म्हणजे कमरेखालचा घागरा, सोपा आहे. १५० पन्ह्याचे दोन पट्टे जोडले की तीन मीटरचा घेर होतो, तेवढा पुरे. चुण्या घालताना मात्र पाटा पाडून घडी घालू नका. कमरेच्या काठाला एकाखाली एक तीन धावदोरे घाला, टाके बरोबर एकाखाली एक येतील असे, आणि तिन्ही दोरे एकदम ओढा. कापड बासरीच्या नळ्यांसारखं उभं राहतं. प्रत्येक नळीचं टोक पट्टीला हाताने पक्कं करायचं. घेर कमरेवरून एकदम फुगून खाली पडतो आणि आतून दुसऱ्या परकराची गरज राहत नाही. जमिनीपासून पाच-सहा सेंटिमीटर वर ठेवा, पाऊस पडला तर तिथे चिखल असतो. हाच तुकडा विकत घेतला तरी काही बिघडत नाही. ढगळ आहे, कमरेला नाडी आहे, जाड सुती असला म्हणजे झालं. ज्यांना शिवणकाम आवडत नाही त्यांनी आपले तास चोळीवर घालावेत आणि घेर बाजारातून आणावा.

डोक्याला लिननची घट्ट टोपी, तिला कॉइफ म्हणतात. स्मॉकच्या उरलेल्या कापडात होते, तासाभराचं काम. त्या काळी बहुतेक बायका डोकं उघडं टाकत नसत, आणि पोशाख खरा वाटतो तो तिथेच. महागाचा झगा आणि वर मोकळे शॅम्पूचे केस असलं की सगळं नाटक वाटतं. पैशांना आपला बटवा. हो, नाडी ओढायचा बटवा तिकडेही कमरेला लटकवत. फक्त आरसे-मणी लावू नका. माझ्या आजीच्या बटव्याचा कागदावर नमुना काढून मी उरलेल्या लोकरीत शिवला, आणि तिच्या सगळ्या पोशाखात लोकांनी आवर्जून विचारलं ते त्या बटव्याबद्दल.

बूट, पट्टा, लोकरी चपटी टोपी आणि पाणी प्यायचा मग या चार गोष्टी विकत. बुटांसाठी वेगळा जीव टाकू नका. साधे तपकिरी, बिनटाचेचे, पायाला सवयीचे. नवे बूट घालून जत्रेत जाणारा माणूस चार वाजता पोशाखावर नाही, फोडावर बोलतो.

जावयाचं थोडक्यात. त्याला स्मॉकच्याच हिशोबाने शर्ट शिवला, मांडीपर्यंत. वरून बिनबाहीचं जर्किन, म्हणजे आपली बंडी, पुढे गुंड्या. डब्लेट म्हणजे बाह्यांचा अंगाला चिकटलेला कोट, तो मी शिवला नाही. मुंढ्याला इतकी नेमकी शिलाई लांबून जमत नाही, हे चोळीने शिकवलं होतं. तो म्हणाला, "आई, बंडीत हवा लागते, मला हेच बरं." गुणी मुलगा आहे.

आणि ती गळ्याभोवतीची झालर, रफ. फोटोंत सगळ्यांना तीच हवी असते. नका करू. मी केली. पाच मीटर लांबीची पट्टी, दोन्ही कडा हाती दुमडल्या, आठाच्या आकड्यासारख्या चुण्या घातल्या. म्हटलं, खळ घालण्यात आपल्याला कोण हरवणार, सुती लुगड्यांना जन्मभर पेजेची खळ केली. इंग्लंडात म्हणे ही खळीची विद्या १५६४ मध्ये दिंगन नावाच्या एका फ्लेमिश बाईने नेली आणि फी घेऊन शिकवली. माझी झालर इंदुरात पापडासारखी कडक होती. ह्यूस्टनच्या दमट हवेत दोन तासांत भिजल्या पापडासारखी झाली. तिने ती काढून बटव्यात कोंबली.

हिशोब सांगते, कारण "घरी शिवलं म्हणजे स्वस्त" असं वाटतं. लिनन १८६०, लोकर सव्वातीन मीटरचे १८२०, कॅनव्हास-अस्तर-दोरे-केबल टाय मिळून ९००. एकूण ४५८०. पण वेळ धरा. स्मॉकला ८ तास, चोळीला कच्च्यासकट २२, घेराला ७, टोपी-बटव्याला ३. हे चाळीस तास बाहेरच्या कारागिराला दिले असते तर विकतच्या चांगल्या पोशाखाइतके पैसे सहज झाले असते. आईचे तास कुणी मोजत नाही, ते सोडा. पण तुम्ही नोकरी करून स्वतःच शिवणार असाल तर पहिल्या वर्षी फक्त स्मॉक, टोपी आणि बटवा शिवा. घेर विकत घ्या, चोळी मापावर करून देणाऱ्याकडून घ्या. दुसऱ्या वर्षी चोळीला हात घाला.

आणि आधीच जुना विकतचा पॉलिएस्टरचा झगा घरात असेल तर फेकू नका. चमकती लेस आणि प्लास्टिकचे मणी उसवून टाका. वरून शिवलेली दोरी काढा, तिथे हाती भोकं पाडून खरी सुती दोरी ओवा. सॅटिनची रिबीन कुठेही ठेवू नका. आत लिननचा स्मॉक आणि डोक्याला टोपी. भाड्याच्या पेशवाई अंगरख्यांना मी हेच करत आले, चमक उतरवली की कपड्याला वय येतं.

वेळेचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या जत्रेसाठी आषाढात सुरू करा. कच्ची चोळी जायला-यायला महिना जातो. पार्सलपेक्षा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बॅगेतून पाठवणं बरं, पण खाण्याबरोबर एका पिशवीत घालू नका. पहिला स्मॉक मी लवंगी शेवेच्या पाकिटांना गुंडाळून पाठवला, फुटू नयेत म्हणून. एलिझाबेथच्या काळातली माझी पोरगी दिवसभर आपल्या छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीसारखी घमघमत होती.

आल्यावर स्मॉक आणि टोपी गरम पाण्यात खुशाल धुवा. लोकरीला पाणी लावू नका, उलटी करून सावलीत दोन दिवस टांगा आणि ब्रश मारा. चोळीच्या दोऱ्या काढून ठेवा, नाही तर भोकं ओढली जातात. गेल्या वर्षी तिच्या घेरावर टर्कीच्या तंगडीची चरबी सांडली. बेसन दाबून रात्रभर ठेव, सकाळी झटक, असं सांगितलं. डाग गेला. पण यंदा मी एक लिननचा ॲप्रनही शिवून ठेवलाय. सव्वा मीटर, कमरेला नाडी, बस.